आराम, तडाग आणि उदपान

नाशिकजवळील पांडवलेणी पाहावयास जाणारे बहुतेक लोक तेथील स्तंभ आणि त्यांवरील पशूंच्या आकृती पाहतात, पायऱ्या उतरतात आणि परततात. दहाव्या लेण्याच्या ओसरीत भिंतीच्या वरच्या अंगास एक लांबलचक लेख कोरलेला आहे. त्याकडे मान वर करून पाहण्याची तसदी थोडेच घेतात. हा लेख क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याचा असून त्यास सुमारे १९०० वर्षे झाली. भाषा संस्कृत, पण प्राकृताच्या वळणाची. पाणिनीवर पोसलेल्या कानास ती मधूनमधून टोचते. मजकूर मात्र मोठा मनोवेधक आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी आपण चौसोपी धर्मशाळा बांधल्या, आणि आराम, तडाग व उदपान केले, असे हा शक सरदार सांगतो. आराम म्हणजे बाग, तडाग म्हणजे तळे आणि उदपान म्हणजे विहीर. शूर्पारक म्हणजे आपले ठाण्यापलीकडचे सोपारे. पुढे सहा नद्यांची नावे येतात, त्यांत शेवटची दाहनुका. ही डहाणूची नदी होय. या सहाही नद्यांवर त्याने उतारूंसाठी फुकट नावा ठेविल्या आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. इतक्यानेही समाधान न होऊन नानंगोल गावचे ३२,००० नारळ त्याने चरकपंथी परिव्राजकांच्या परिषदांस अर्पण केले. नानंगोल म्हणजे संजाणजवळचे नारगोळ, असे विद्वानांचे मत आहे.

सार्वजनिक बाग ही वस्तू इंग्रजांनी आपल्याबरोबर आणली, अशी आपल्या सुशिक्षित मंडळींची एक समजूत असते. मुंबईची राणीची बाग किंवा पुण्याचे एम्प्रेस गार्डन डोळ्यांपुढे आले की ती दृढ होते. लोखंडी कठडा, आखीव वाफे, बसावयास बाके आणि फुले तोडू नयेत अशी पाटी, हे त्या बागेचे लक्षण. उषवदाताची बाग निराळी होती. तिच्याशेजारी तळे होते, तळ्याशेजारी विहीर होती, विहिरीशेजारी वाटसरूची ओसरी होती; आणि या साऱ्यांवर मालकी कोणाची, या प्रश्नास त्या काळी एक ठरलेले उत्तर होते. ते उत्तर पुढे ओघाने येईलच. डहाणू आणि सोपारे या दोन टोकांच्या मध्ये समुद्रकाठी जो पट्टा पसरला आहे, त्यात या जुन्या व्यवस्थेचे काय उरले आहे, हे पाहण्याची इच्छा पुष्कळ दिवस मनात होती. गेल्या मार्गशीर्षात बोईसर येथे एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी आठ दिवस राहण्याचा योग आला, आणि ती इच्छा पुरी झाली.

तारापूर हे नाव आज सर्वतोमुखी आहे, पण गावासाठी नव्हे. भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली येथे सुरू झाले, आणि पुढील दशकात औद्योगिक वसाहत आली. गंमत अशी की केंद्र गावाच्या दक्षिणेस काही अंतरावर आहे आणि वसाहत जवळजवळ सगळी बोईसरच्या बाजूस. नाव तेवढे तारापूरचे. खुद्द गाव खाडीच्या मुखाशी माडांच्या सावलीत आपल्या गतीने चालले आहे. बोईसर स्थानकावर उतरून गाडी पश्चिमेस वळली की प्रथम कारखान्यांची रांग लागते. हवेस एक उग्र, गोडसर वास येतो. नवख्याचे डोळे चुरचुरतात. माझा विद्यार्थी त्यांतल्याच एका कारखान्यात आहे. तो म्हणाला, “गुरुजी, आम्हांला हा वास येतच नाही आता.” त्यावर मी काय बोलणार? दहा-बारा किलोमीटर गेल्यावर हवा बदलते, खाऱ्या वाऱ्याचा पहिला झोत लागतो, आणि कुंपणापलीकडे चिकूची आणि नारळाची वाडी दिसू लागते.

तारापूरचा किल्ला हीच या गावातील सर्वांत जुनी बाग होय, असे म्हटले तर वाचकांस आश्चर्य वाटेल. फिरंग्यांनी बांधलेला हा काळ्या दगडाचा कोट. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने तो सुरुंग लावून आणि शिड्या टाकून घेतला, तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर हा मोहरा तेथे पडला. त्याच्या मातोश्रीस थोरल्या बाजीरावांनी लिहिलेले सांत्वनपत्र मराठी पत्रवाङ्मयात प्रसिद्धच आहे. पुढे पेशवाईच्या उतरत्या काळात हा किल्ला विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी सावकारास शंभर वर्षांच्या मुदतीने इनाम मिळाला. विकाजी आणि त्याचा बंधू पेस्तनजी यांची पेढी पुढे निजामाच्या हैदराबादेपर्यंत पसरली. सिकंदराबादेस या बंधूंच्या नावाची अग्यारी १८४७ पासून उभी आहे. तारापुरासही विकाजीने अग्यारी बांधली. ज्या कोटासाठी इतके रक्त सांडले, तो असा सावकाराच्या हाती आला आणि त्यात लागवड झाली. तोफांच्या जागी नारळ उभे राहिले. आजही तो खाजगी मालकीतच आहे. परवानगी मागून आत गेल्यास तटांच्या चौकटीत नारळ, चिकू आणि आंबे दिसतात आणि गोड्या पाण्याच्या विहिरी दिसतात. वर्तमानपत्री भाषेत यास ‘पडझड’ म्हणतात. मला विचाराल तर कित्येक किल्ल्यांचा याहून वाईट शेवट झाला आहे.

आता या विहिरींकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. भरतीचे पाणी जेथे तटापर्यंत येते, तेथे हातभर दोरावर गोडे पाणी कसे मिळते? यात चमत्कार नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगते. दुधावर साय धरावी तसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील दोन अभियंत्यांनी याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर खाली सुमारे चाळीस हातांपर्यंत गोडे पाणी खाऱ्यास दाबून धरते. याची दुसरी बाजू मात्र भयंकर आहे. वरची पातळी एक हाताने उतरली की खालून खारे पाणी चाळीस हात वर सरकण्यास मोकळे होते. समुद्रकाठच्या वाडीत तळे कशासाठी खोदतात, हे यावरून ध्यानात येईल. तळे म्हणजे शोभा नव्हे. चार महिन्यांचे पाणी थोपवून जमिनीत मुरविणारे आणि समुद्रास पलीकडे रोखून धरणारे ते एक द्वार आहे. आमच्या पूर्वजांस चाळिसाचे गणित माहीत नव्हते. पण विहीर मचूळ झाली की बागाईत गेले, एवढे त्यांस पक्के कळत होते.

खाडी ओलांडली की पलीकडे चिंचणी. दोन्ही गावांचा उच्चार लोक जोडीने करतात, पण सरकारदरबारी त्यांची ताटातूट आहे. तारापूर पालघर तालुक्यात, चिंचणी डहाणू तालुक्यात. यामुळे एक विलक्षण प्रकार घडला आहे. डहाणू तालुका १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, तेथील उद्योगांवर मर्यादा घातल्या, आणि त्यावर देखरेखीसाठी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एक प्राधिकरणही आले. घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही राखलेली हवा नाही असे कोण म्हणेल? आणि खाडीच्या अलीकडे औद्योगिक वसाहत. तिच्या सांडपाण्याने किनाऱ्याची मासळी मरते अशी तक्रार घेऊन मांगेला कोळ्यांची परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. समुद्रास तालुक्याच्या सीमा कळत नाहीत.

चिंचणीने इतिहासास एक फार मोठे दान दिले आहे. १९५५ साली तेथे काही ताम्रपट सापडले. त्यांतील एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यावेळी संजाणच्या प्रांतावर राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती नावाचा अधिकारी होता. मधुमती हे नाव ऐकून कोणी कुलस्त्री डोळ्यांपुढे आणील. परंतु हा पुरुष, जातीने ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप. ताम्रपटाचा लेखक पंडित असावा. त्यास परके नाव जसेच्या तसे लिहिणे रुचले नसेल! या अरबाने दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेविल्या आणि संजाणास एक अन्नछत्र घातले. तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. आणि अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेस त्याने राजाच्या अनुमतीने जमीन दिली. उषवदात शक, मधुमती अरब, विकाजी पारशी. या किनाऱ्यावर ज्यांनी सर्वांसाठी नाव, पाणी, अन्न आणि सावली यांची सोय केली, त्यांतील कित्येक बाहेरून आले होते, आणि आल्यावर त्यांनी येथील धर्म जाणून घेतला होता.

तो धर्म कोणता? आमच्या शास्त्रात धर्मकृत्यांचे दोन भाग केले आहेत, इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, बाव, तळे, देऊळ, अन्नदान, बाग हे पूर्त. मत्स्यपुराणात तळ्याच्या प्रतिष्ठेचा विधी एका संपूर्ण अध्यायात दिला आहे, आणि त्याच्या पुढचाच अध्याय वृक्षांच्या प्रतिष्ठेचा आहे. तळे आणि बाग यांचा संबंध पुराणकारांस इतका निकटचा वाटे. तळ्याच्या विधीत सोन्याचे कासव आणि मकर, चांदीचे मासे, तांब्याचा खेकडा आणि बेडूक, लोखंडाचा शिशुमार अशी जलचरांची लहान लहान रूपे करून पाण्यास अर्पावयाची असतात. प्रथम वाचताना हे बाहुलीच्या खेळासारखे वाटते. पण तळे हे मनुष्यासाठीच नव्हे, बेडकाचा आणि खेकड्याचाही त्यावर हक्क आहे, ही गोष्ट यजमानाच्या मनावर ठसविण्याचा याहून सोपा उपाय कोणता?

त्या विधीचा गाभा मात्र उत्सर्ग हा आहे. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतील भेद फार स्पष्ट केला आहे. दान घेणारा कोणीतरी असतो. वस्तू एकाच्या मालकीतून दुसऱ्याच्या मालकीत जाते. उत्सर्गात घेणारा असा कोणी नसतो. तळे खोदणारा आपले स्वामित्व सोडतो आणि पाणी सर्व भूतांचे होते. त्यानंतर तो स्वतः तेथे स्नान करील ते चार लोकांतला एक म्हणून. मालक म्हणून नव्हे. ज्या तळ्याचा असा उत्सर्ग झालेला नाही, त्या परक्याच्या पाण्यात स्नान करावयाचे झाल्यास याज्ञवल्क्याने एक अट घातली आहे. आधी तळाच्या मातीचे पाच पिंड काढून बाहेर टाकावेत. स्नानास येणाऱ्या प्रत्येकाने पाच गोळे गाळ काढला, तर तळे कधी भरेल काय?

शास्त्र इतके स्वच्छ असता आचार कसा झाला, हेही येथे लिहिले पाहिजे. सर्व भूतांस सोडलेल्या पाण्यावर आपण पुढे पहारे बसविले. गाय पाणी पिईल, म्हैस डुंबेल, बेडूक राहील. पण माणसांतील काही जातींनी त्यास शिवता कामा नये, अशी रूढी शतकानुशतके चालली. मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली ठराव आणून सार्वजनिक तळी, विहिरी, शाळा सर्वांस मोकळ्या करविल्या. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, परंतु कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर आमच्यापैकी काहींनी काय केले? पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले! पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले, आणि अनादी कालापासूनची रूढी म्हणून जी पुढे केली होती ती सिद्ध झाली नाही, असा निकाल १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने दिला. त्या सत्याग्रहात गं. नी. सहस्रबुद्धे यांच्यासारखे ब्राह्मणही होते, हे सांगून आपण पुष्कळदा सुटका करून घेतो. मला त्याचे समाधान फारसे वाटत नाही. ज्या घरात मत्स्यपुराणाची पोथी सोवळ्यात वाचली जाई, त्या घरास उत्सर्ग या शब्दाचा अर्थ न्यायाधीशाने सांगावा लागला.

असो. तारापुराहून परत बोईसरला येऊन आम्ही दुसऱ्या दिवशी दक्षिणेस निघालो. २०१३ पासून डहाणूपर्यंत मुंबईची लोकलगाडी येत असल्याने हा प्रवास सोयीचा झाला आहे. उमरोळी, पालघर आणि त्यानंतर केळवे रोड. २०१४ साली जिल्हा झाल्यापासून पालघर वाढत चालले आहे. तेथील गणेशकुंडाचा भाद्रपदाखेरीज कोणास आठव होत असेल असे मला दिसले नाही.

केळवे मात्र डोळे निवविणारे गाव आहे. शीतळादेवीचे मंदिर, त्यापुढे रामकुंड, आणि थोड्याच अंतरावर सुरूच्या बनाआड समुद्र. कुंड, देऊळ आणि बन ही त्रयी येथे अजून एकत्र नांदते. सुट्टीच्या दिवशी मुंबईकरांची गर्दी होते आणि बनात कागद, बाटल्या यांचा सडा पडतो. पण सकाळी सात वाजता पाहावे. देवीस पाणी घालणाऱ्या बायका, कुंडाच्या पायरीवर बसलेली मुले, आणि सुरूंतून येणारा तो सू-सू आवाज. केळवे-माहीम हा प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या पानवेलीबद्दल प्रसिद्ध आहे. येथील बागाईतदार वाडवळ. वाडीवरूनच त्यांस हे नाव पडले. पानमळा म्हणजे मोठे नाजूक काम. वेलीस सावली हवी, ओल हवी, पण पाणी तुंबता कामा नये. वाऱ्याने पान फाटता कामा नये आणि वारा अडताही कामा नये. अशा मळ्यात शिरले की दोन प्रहरीही पहाटेचा गारवा लागतो. उषवदाताच्या ‘आराम’ शब्दाचा अर्थ मला कोशात जितका कळला नव्हता, तितका तेथे कळला.

एका वाडीत आळी करीत असलेल्या वृद्ध वाडवळाशी बोलणे झाले. मी म्हणालो, “काका, पाणी कसे आहे?” त्यांनी खुरपे खाली ठेवून विहिरीकडे बोट केले. “पावसाळ्यात अमृत, गुरुजी. होळीनंतर मचूळ. माझ्या बापाच्या वेळी वैशाखातसुद्धा गोडं असायचं.” कारण विचारले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “तेव्हा रेडा पाणी काढायचा. रेडा दमतो. मोटार दमत नाही.” चाळिसाचे सारे गणित यात आले. रहाटाच्या लोट्यांतून पाणी सावकाश निघे आणि रेडा उभा राहिला की विहीर आपले भरून घेई. विजेचा पंप तासाभरात विहिरीचा तळ दाखवितो आणि खालचे खारे पाणी वर ओढतो. पंपास मी दोष देत नाही. रेड्यामागे दिवसभर फिरणाऱ्या पोराला शाळेत यावयास मिळाले ते पंपामुळेच. पण उपसा दसपट झाला आणि मुरविणारी तळी मात्र निम्म्यावर आणली, तर हिशेब जुळावा कसा?

वाटेत शिरगावच्या किल्ल्यावर फांद्या फुटलेला ताड पाहिला. लोक त्यास रावणताड म्हणतात. एरवी ताड हा एकमार्गी वृक्ष. त्यास फांद्या फुटलेल्या पाहून मन क्षणभर गोंधळते. झाडांची आवड असणाऱ्याने तेवढ्यासाठीही वाट वाकडी करावी.

वैतरणा ओलांडून विरार मागे टाकले की नालासोपारे. गाडीतून दिसते ती केवळ इमारतींची भिंत. महानगरपालिका झाल्याला येथे २००९ पासून इतकी वर्षे लोटली. या भिंतीच्या पश्चिमेस जुने शूर्पारक आहे. चक्रेश्वराच्या तळ्याकाठी देवळाच्या आवारात जुन्या मूर्ती मांडल्या आहेत. त्यांतील उभा ब्रह्मदेव पाहून घ्यावा, कारण ब्रह्मदेवाची अशी मूर्ती आपल्याकडे विरळा. जवळच बुरुड राजाचा कोट म्हणून जी टेकडी होती, ती पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ च्या एप्रिलात खणविली, तेव्हा आत बौद्धांचा स्तूप निघाला. त्याच वर्षी सोपाऱ्याच्या भाटेळा तळ्याजवळ त्यांस एक फुटका शिलाखंड मिळाला. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा ठरला. हल्ली तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नववा लेख पुढे १९५६ साली भुईगावास सापडला. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. त्यांत मृगया आणि तशाच करमणुकी असत. आपण राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाच्या स्थानी गेलो, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. धर्मयात्रेत काय करावयाचे? श्रमणब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट, दान आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी बोलणे. प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी हा शिलालेख मेजावर ठेवण्याजोगा आहे. आणि तो एका तळ्याकाठी सापडला, हेही किती साजेसे!

निर्मळ येथून चार-पाच किलोमीटरवर. परशुरामाने विमळ नावाच्या दैत्यास मारले, त्यावरून विमळ आणि निर्मळ ही सरोवरे झाली, अशी स्थलपुराणाची कथा. शंकराचार्यांची समाधी म्हणून तेथे टेकाडावर मंदिर आहे. फिरंग्यांच्या अमलात हे क्षेत्र उद्ध्वस्त झाले होते. वसई घेतल्यानंतर सरसुभेदार शंकराजी केशव यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. कार्तिक वद्य एकादशीस यात्रा भरते, आणि आसपासच्या ख्रिस्ती वस्तीतील माणसेही तीत तितक्याच हौसेने हिंडतात. वसईची सुकेळी घ्यावी ती येथे. राजेळी केळी वाळवून केलेला हा मेवा पुण्यामुंबईच्या दुकानांत मिळतो, पण त्यास ती गोडी नाही.

परंतु या भागातील खरा ठेवा तीर्थात नाही, तो बावखलांत आहे. हा शब्द पुष्कळ वाचकांस नवा असेल. संस्कृत वापीची झाली बाव. बावखल म्हणजे वाडीतला मोठा खड्डेवजा तलाव, उतरत्या काठांचा, न बांधलेला. भोवती माड, केळी, भेंडीची झाडे, काठावर रहाट. कोठे एकाच बावखलावर शेजारच्या दोनतीन वाड्यांचे रहाट चालत. ख्रिस्ती असोत, हिंदू असोत, वसईच्या बागाईतदाराने पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. पावसाळ्यात बावखल तुडुंब भरते आणि उन्हाळाभर आजूबाजूच्या विहिरी गोड ठेविते. त्यास कोणी उद्यान म्हटले नाही, त्यावर कोणी शिलालेख कोरला नाही. म्हणूनच आज ती मरत आहेत. रहाट गेला, वाडी विकली गेली, आणि बावखल म्हणजे मातीने भरावयाची जागा ठरली. भरणी करून वर इमारत उठते, आणि त्या इमारतीस पाणी कोठून? टँकरने, नाहीतर शंभर कोसांचे भांडण करून आणलेल्या सूर्या नदीच्या नळाने. १९८० च्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध आवाज उठविला. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून २०२० साली जे आपणांस दिसले तेच हे दिब्रिटो. २०२४ साली ते निवर्तले.

नगरपालिका तळ्यांची काळजी घेत नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. घेतात, आणि ती पाहून काही वेळा वाटते, घेतली नसती तर बरे. कित्येक शहरांत मी पाहिले, तळ्यास सभोवार सिमेंटची उभी भिंत, तळ फरसबंद, मध्ये रंगीत दिव्यांचे कारंजे, फिरावयास फरश्यांचा रस्ता आणि फाटकावर तिकीट. पाणी मुरावयाचे बंद, बेडूक काठावर चढावयाचा बंद, आणि ज्याच्याजवळ तिकिटास पैसे नाहीत तोही बंद. मत्स्यपुराणाच्या यजमानाने तांब्याचा बेडूक तळ्यास अर्पिला होता. आम्ही जिवंत बेडकास हाकलून देतो. माझ्या विद्यार्थ्याने हे ऐकून विचारले, “मग गुरुजी, आम्ही करायचं काय?” त्याच्या वसाहतीमागे एक जुने तळे गाळाने भरलेले आहे, असे त्यानेच वाटेत सांगितले होते. मी त्यास याज्ञवल्क्याचे पाच पिंड सांगितले. तो हसला. परंतु गेल्या आठवड्यात त्याचे पत्र आले की दहा-पंधरा जण दर रविवारी घमेली घेऊन जातात, तीन रविवार झाले. गाळ खालून काळा निघतो आणि त्यास कारखान्याचा वास येतो, म्हणून तो वाडीत न टाकता आधी तपासावयास दिला आहे.

ज्यांस हा फेरा करावयाचा असेल त्यांनी मार्गशीर्ष ते माघ हा काळ धरावा. तारापूरच्या किल्ल्यात मालकांच्या परवानगीवाचून शिरू नये. केळव्यास सुट्टीचा दिवस टाळावा. सोपारे आणि निर्मळ एका दिवसात होतात. रिक्षावाल्यास ‘बुरुड राजाचा कोट’ असे सांगावे, ‘स्तूप’ म्हटल्यास पुष्कळांस उमगत नाही. आणि कोणत्याही वाडीत गेल्यावर विहिरीचे तांब्याभर पाणी मागावे. या बाजूस पाणी कोणी नाकारीत नाही. तांब्या हाती देताना घरची बाई “जरा मचूळ लागेल हं,” असे म्हणते की नाही, तेवढे मात्र लक्ष देऊन ऐकावे.